जयकरांचे दोन आणे आणि कुम्हारीचा अपुरा पूल



रायपूर, भिलाई किंवा दुर्ग या तीन गावांत तुमचं कुणी नातेवाईक असेल, तर त्यांच्या पत्त्यात तुम्ही 'जी. ई. रोड' ही अक्षरं नक्की वाचली असतील. माझी मावशी दुर्गला राहायची. तिच्या अंतर्देशीय पत्रांवर ती अक्षरं असायची आणि लहानपणी मला वाटायचं की जी. ई. नावाचे कुणी मोठे गृहस्थ होऊन गेले असावेत. गृहस्थ वगैरे कुणी नाही. 'ग्रेट ईस्टर्न रोड', म्हणजे नागपुरातून निघून पूर्वेकडे भंडारा, राजनांदगाव, दुर्ग, रायपूर असा जाणारा रस्ता. रायपूरच्या अलीकडे खारून नदी लागते, ती ओलांडायच्या आधीचं गाव म्हणजे कुम्हारी. आज आपल्याला तिथे जायचं आहे, पण थोडा वळसा घेऊन.

2022 च्या डिसेंबरमध्ये एका रात्री कुम्हारीत एक जोडपं आपल्या मुलीला घेऊन दुचाकीवरून घरी चाललं होतं. महामार्गावर उड्डाणपुलाचं काम चालू होतं. पूल अपुरा होता. त्यांची गाडी त्या अपुऱ्या पुलावर चढली आणि जिथे पूल संपला तिथून खाली गेली. नवराबायको दोघंही गेले, मुलगी जखमी होऊन वाचली. पूल अपुरा आहे हे त्या अंधारात सांगेल असं भक्कम काही वाटेत आडवं नव्हतं. दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, मग थांबल्या. मी त्या कुटुंबाचं नाव घेणार नाही. त्याची गरजही नाही.

प्रश्न असा आहे की काम चालू असलेल्या रस्त्यावर रात्री माणूस कसा वाचवायचा, हे आपल्या देशाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. त्यावर सरकारी पैशातून अभ्यास झालेला होता, नियमांचं पुस्तक छापलेलं होतं, पुस्तकाची सुधारित आवृत्तीही निघालेली होती. मग ते ज्ञान नागपूर-रायपूर रस्त्यावर असलेल्या कुम्हारीपर्यंत का पोचलं नाही? आजची गोष्ट या प्रश्नाची आहे. आणि गंमत बघा, रस्त्यांच्या सरकारी संशोधनाची सुरुवात शोधत गेलं की समोर एक मराठी माणूस उभा राहतो.

मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठात शिकलेल्यांना जयकर ग्रंथालय माहीत असतं. ते विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. स्वातंत्र्याच्या इतिहासात 'सप्रू-जयकर' ही जोडी येते, सरकार आणि काँग्रेस यांच्यात मध्यस्थी करणारी. बॅरिस्टर, पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, मग प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर. या माणसाचा खडी-डांबराशी काय संबंध? आहे, आणि चांगला घट्ट आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात मोटारी वाढायला लागल्या. त्याआधीचे रस्ते बैलगाडीसाठी होते. खडी पसरायची, पाणी मारायचं, रूळ फिरवायचा, वर मुरूम. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती खडीचा भुगा करते. मोटारीचं रबरी चाक वेगाने गेलं की तोच भुगा उडवून नेतं. एकानं दळायचं आणि दुसऱ्यानं उधळायचं. दोन्ही एकाच रस्त्यावर चालू लागल्यावर रस्ता टिकणार कसा? आणि दुरुस्तीला पैसा कुणाकडे? 1919 च्या सुधारणांनी रस्ते हा विषय प्रांतांकडे गेला होता, आणि प्रांतांनी बरेचसे रस्ते लोकल बोर्डांच्या गळ्यात घातले होते. म्हणजे मोटार मुंबई-नागपूर-कलकत्ता पळणार आणि तिचा रस्ता सांभाळणार जिल्ह्यातलं गरीब बोर्ड. दिल्लीचं सरकार नामानिराळं.

1927 मध्ये सरकारनं एक समिती नेमली, इंडियन रोड डेव्हलपमेंट कमिटी. अध्यक्ष जयकर. 1928 मध्ये अहवाल आला. त्यातल्या शिफारशी आज वाचताना साध्या वाटतात, पण त्या वेळी त्या साध्या नव्हत्या. रस्ते हा राष्ट्रीय हिताचा विषय आहे, एकट्या प्रांताला तो झेपणारा नाही, हे पहिलं. दुसरं, रस्ता जो वापरतो त्याच्याकडून पैसा घ्या: पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवा आणि तो वेगळ्या निधीत टाका. तिसरं, देशभरच्या इंजिनिअरांनी एकत्र बसून अनुभव सांगावेत अशी एक निमसरकारी संस्था काढा. आणि चौथं, रस्त्यांवर संशोधन करणारी संस्था हवी.

कागदावरच्या समित्यांचं आपल्याकडे काय होतं ते आपण जाणतो. जयकर समितीचं तसं झालं नाही. 1929 मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. त्यातला मोठा वाटा पेट्रोलच्या खपाप्रमाणे प्रांतांना जायचा, आणि एक भाग केंद्राकडे राखून ठेवलेला असायचा, तो प्रयोग आणि संशोधनासाठीही वापरता यायचा. म्हणजे मोटारवाल्याच्या दोन आण्यांतून रस्त्याचं संशोधन. 1934 च्या डिसेंबरमध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आजही आपल्या रस्त्यांचे जवळजवळ सगळे नियम 'आय. आर. सी.' या तीन अक्षरांनी सुरू होतात, ती हीच. आणि संशोधन संस्थेला मात्र स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, सी. आर. आर. आय., 1952 मध्ये रीतसर सुरू झाली. शिफारस आणि संस्था यांच्यात चोवीस वर्षं.

तुम्ही आज पेट्रोल भरता तेव्हा त्यात रस्त्यांसाठीचा उपकर असतो. 2000 साली या निधीला कायद्याचं रूप मिळालं, 2018 मध्ये नावात 'इन्फ्रास्ट्रक्चर' आलं. मूळ कल्पना तीच. जयकरांना ग्रंथालयानं लक्षात ठेवलं, पेट्रोल पंपानं नाही. असो.

आता नागपूर. इथे जरा थांबू या, कारण कुम्हारीचा संबंध इथे थेट येतो. 1956 पर्यंत कुम्हारी ज्या प्रांतात होती त्याची राजधानी नागपूर होती. त्याआधीही छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे होतं, ते राज्य 1854 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. दुर्ग हा वेगळा जिल्हा झाला 1906 मध्ये. तेव्हा 1943 च्या डिसेंबरमध्ये देशभरचे चीफ इंजिनिअर नागपुरात जमले, तेव्हा ते कुम्हारीच्याच राजधानीत जमले होते असं म्हणायला हरकत नाही.

दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्धानंतर देशाला किती रस्ते लागतील याची वीस वर्षांची योजना तिथे ठरली. 'नागपूर प्लॅन' म्हणून ती सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही जी पाच नावं आपण आजही वापरतो, ती या बैठकीतली. शेतीच्या भागातलं कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये, हे ध्येय. दर शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता, हे उद्दिष्ट. आणि ते उद्दिष्ट मुदतीच्या आत, 1961 पर्यंतच ओलांडलं गेलं. सरकारी योजनेच्या इतिहासात हे वाक्य फार वेळा म्हणता येत नाही, म्हणून मुद्दाम म्हणतो.

या योजनेत एक सूत्र होतं. घाबरू नका, मी गणित शिकवत नाही, पण ते सूत्र ऐकण्यासारखं आहे. मोठ्या रस्त्यांची लांबी किती हवी? शेतीखालचं क्षेत्रफळ भागिले आठ. अधिक बिगरशेतीचं क्षेत्रफळ भागिले बत्तीस. अधिक दोन ते पाच हजार वस्तीच्या प्रत्येक गावामागे 1.6 किलोमीटर. अधिक पाच हजारांवरच्या प्रत्येक गावामागे आठ किलोमीटर. पुढच्या वाढीसाठी पंधरा टक्के जादा. आणि या सगळ्यातून वजा काय? त्या भागातल्या रेल्वेची लांबी.

रेल्वे वजा का? कारण मोटारी रेल्वेचं उत्पन्न खातात ही सरकारची जुनी भीती. 1933 मध्ये मिचेल-कर्कनेस अहवाल याच भांडणावर आला होता. ज्या पट्ट्यात रेल्वे आहे तिथे रस्त्याची गरज कमी, असा हिशेब. नागपूर-रायपूरचा पट्टा घ्या. रस्ता आणि बंगाल-नागपूर रेल्वे हातात हात घालून जातात. सूत्रानं त्या पट्ट्यातला रस्ता कमी धरला, आणि पुढे तिथेच काय आलं? भिलाई. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पोलाद रेल्वेनं गेलं, पण कामगार, त्यांची बाजारहाट, पोरांच्या शाळा, दवाखाने, सायकली, नंतर लुना, नंतर मोटरसायकली, हे सगळं जी. ई. रोडवर आलं. 1943 च्या सूत्राला भिलाई दिसणं शक्य नव्हतं, त्याबद्दल मी इंजिनिअरांना दोष देत नाही.

पण सूत्रात आणखी एक गोष्ट नव्हती, ती मात्र दिसू शकली असती. क्षेत्रफळ आहे, गावं आहेत, रेल्वे आहे. रस्त्यावर मरणारा माणूस नाही. त्याचं अक्षरच नाही. 1939 मध्ये मोटार व्हेईकल्स ॲक्ट आला होता, त्यामुळे अपघात हा ड्रायव्हरचा आणि पोलिसाचा विषय झाला. इंजिनिअरचा विषय लांबी. आपल्या डोक्यातली ही वाटणी मला वाटतं तिथेच पक्की झाली, आणि ती अजून गेलेली नाही. अपघात झाला की आपण विचारतो, 'ड्रायव्हर प्यायलेला होता का?' 'रस्ता कुणी आखला होता?' असं किती जण विचारतात?

त्या काळात हे खपून गेलं कारण गाड्याच कमी. 1951 मध्ये सगळ्या देशात मिळून साधारण तीन लाख मोटारवाहनं होती. आज एकट्या पुण्यात त्याच्या कितीतरी पट आहेत. 1970 मध्ये रस्त्यांवर देशभर साडेचौदा हजार माणसं गेली. 2022 मध्ये, म्हणजे कुम्हारीच्या त्या वर्षी, 1,68,491. त्यांतली छत्तीस टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, आणि राष्ट्रीय महामार्ग म्हणजे देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीचा जेमतेम दोन टक्के भाग. चांगल्या रस्त्यावर जास्त माणसं मरतात, कारण चांगला म्हणजे गुळगुळीत आणि वेगाचा, एवढाच अर्थ आपण धरला.

मग या सगळ्या वर्षांत संशोधन झालंच नाही का? झालं, पुष्कळ झालं. आणि योगायोग असा की त्यातलं बरंचसं याच एका रस्त्यावर दिसतं. जी. ई. रोड पुढे राष्ट्रीय महामार्ग 6 चा भाग झाला, 2010 च्या नव्या क्रमांकांत 53. सुरतेजवळच्या हजिऱ्यापासून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, दुर्ग, कुम्हारी, रायपूर करत तो ओडिशात जातो.

त्याच्या पश्चिम टोकाला हजिऱ्यात 2022 मध्ये एक सहापदरी रस्ता पुरा झाला, पोलाद कारखान्यातल्या स्लॅगचा. स्लॅग म्हणजे पोलाद करताना उरणारी मळी, दगडासारखी कडक. सी. आर. आर. आय.च्या शास्त्रज्ञांनी पोलाद मंत्रालयाच्या प्रकल्पात ती प्रक्रिया करून खडीच्या जागी वापरली. सुमारे एक लाख टन स्लॅग लागला, आणि रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा तीस टक्क्यांनी कमी ठेवता आली. पुढे मुंबई-गोवा महामार्गावरही असा तुकडा झाला. कोकणात जाणाऱ्यांनी त्या महामार्गाबद्दल जे काही सहन केलंय त्यावर एवढा एक किलोमीटर म्हणजे उतारा नव्हे, पण काम चोख आहे. डोंगर फोडून खडी काढायची, आणि भिलाईसारख्या कारखान्यांशेजारी मळीचे डोंगर उभे करायचे, यापेक्षा हे शहाणपणाचं.

त्याच महामार्गावर अमरावती ते अकोला. 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा एक पदर डांबरी रस्ता सलग घातला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता, पंचवीस किलोमीटरचा. विदर्भातल्या माणसाला त्या रस्त्याची आधीची दशा आठवत असेल, तर तो या विक्रमावर हसणार नाही, हातच जोडेल. मीही जोडतो. फक्त तारखा शेजारी ठेवा. जून 2022 मध्ये महामार्ग 53 वर जगातलं सर्वांत लांब सलग डांबरी काम. डिसेंबर 2022 मध्ये महामार्ग 53 वर कुम्हारी.

नागपुरात 2021 मध्ये 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात सी. आर. आर. आय. होती, नागपूर महापालिका होती, हैदराबादची आय. आय. आय. टी. आणि काही कंपन्या होत्या. महापालिकेच्या बसला कॅमेरे लावले. पुढची गाडी फार जवळ आली, कुणी मध्ये आलं, की ड्रायव्हरला सूचना. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. आपल्याकडे 'ब्लॅक स्पॉट'ची सरकारी व्याख्या अशी आहे: महामार्गाचा सुमारे पाचशे मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली. म्हणजे जागेला आधी पाच गंभीर अपघात किंवा दहा बळी द्यावे लागतात, मग ती यादीत जाते. नागपूरच्या बसनी केलं काय, की अपघात होता होता टळला अशा जागा नोंदवल्या. त्यांना 'ग्रे स्पॉट' म्हटलं. माणूस मरायच्या आधी जागा सापडली. हे खरं संशोधन.

आणि वणी-वरोरा रस्त्यावरचं बांबूचं कुंपण. लोखंडी क्रॅश बॅरिअरच्या जागी बांबूचा बॅरिअर, दोनशे मीटर, 2023 मध्ये. नाव ठेवलं 'बाहुबली'. पिथमपूरच्या सरकारी चाचणी केंद्रात त्याला गाड्या धडकवून पाहिल्या होत्या. नाव ऐकून हसू येतं, पण चंद्रपूर-यवतमाळच्या बांबूला काम मिळेल आणि माणूसही वाचेल, असा विचार कुणीतरी केला हे चांगलंच.

आता कुम्हारीला परत. तिथे यांपैकी कशाचीही गरज नव्हती. ना कॅमेरा, ना स्लॅग, ना बांबू. आय. आर. सी.चं एक पुस्तक आहे, क्रमांक एस. पी. 55. पहिलं निघालं 2001 मध्ये, सुधारलेलं 2014 मध्ये. विषय एकच: रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची. त्यात कामाच्या जागेचे भाग पाडले आहेत. आधी सावध करण्याचा पट्टा, मग गाड्यांना हळूहळू बाजूला वळवण्याचा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, मग पुन्हा मूळ वाटेवर आणण्याचा पट्टा. कुठे पाटी, कुठे अडथळा, रात्री चमकणारं काय, दिवा कुठे. सगळं आकृत्यांसकट. जयकरांनी जी संस्था मागितली होती त्याच संस्थेचं हे पुस्तक. म्हणजे दोन आण्यांचं काम झालं होतं. ज्ञान तयार होतं, आणि ते महाग नव्हतं. काही अडथळे, परावर्तक पट्ट्या, रात्रभर जळणारा दिवा आणि तो जळतोय का हे बघणारा एक माणूस.

पण हे पुस्तक आहे इंग्रजीत. कामावर रात्री असतो तो मुकादम, आणि त्याच्या हाताखाली छत्तीसगढी, बिहारी, ओडिया पोरं. त्यांच्या हातात ते कधी पडणार? महाराष्ट्रातही वेगळं नाही. मी स्वतः एका रस्त्याच्या कामावर रात्री अडथळा म्हणून एक दगड आणि त्यावर झाडाची फांदी ठेवलेली पाहिली आहे. फांदी ताजी होती, म्हणजे कुणाला तरी काळजी होती. साधनच नव्हतं.

2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आलं. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत नियम न पाळल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदार, सल्लागार, सरकारी यंत्रणा यांना दंड. ऐंशी वर्षांनी कायद्यानं पहिल्यांदा रस्ता बांधणाऱ्याकडे बोट दाखवलं. दंड किती? एक लाख रुपयांपर्यंत. पर्यंत, हा शब्द महत्त्वाचा. कोट्यवधींच्या पुलाच्या ठेक्यात एक लाख म्हणजे चहापाण्याचा खर्च. त्यापेक्षा रोजचा दिवा लावणं महाग पडतं असा हिशेब कुणी केला तर?

सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये रस्तासुरक्षेसाठी समिती नेमली. कोइम्बतूरच्या एका अस्थिरोग डॉक्टरांनी याचिका केली होती, रोज हाडं जोडून ते थकले असावेत. त्या समितीचे अध्यक्ष पुढे झाले न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे. हे छत्तीसगड उच्च न्यायालयातही न्यायाधीश होते. 1927 मध्ये जयकर, आणि नव्वद वर्षांनी सप्रे. दोघेही कायद्याचे लोक. मला याचं नवल वाटत नाही. इंजिनिअरला उत्तर सापडलेलं असतं. ते लावायला लावण्यासाठी वकील आणि न्यायाधीश लागतात, हा आपला अनुभव.

आणि ते लागू झालं की फरक पडतो, हे आपल्या दारातच दिसलंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसं गेली होती. मग एका स्वयंसेवी संस्थेनं रस्ते विकास महामंडळाला बरोबर घेऊन रस्ता पायी पायी तपासला. उघडी टोकं, नागडे खांब, चुकीचे कठडे, एकेक नोंदून दुरुस्त केले. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. ड्रायव्हर तेच होते.

कुम्हारीला 2024 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बातमी झाली. कामगारांना घरी सोडणारी बस रात्री मुरमाच्या खाणीत कोसळली, कमीत कमी बारा जण गेले. तो महामार्ग नव्हता, गावातला आतला रस्ता, एका बाजूला खोल खड्डा. नागपूरच्या सूत्रात तो बहुधा 'ग्रामीण मार्ग' म्हणून मोजला गेला असता. खड्डा कशातून काढलेला? मुरमातून. मुरूम कशाला लागतो, ते तुम्हाला मघाशी सांगितलंच.

पुढच्या भागात बैलगाडीच्या लोखंडी धावेबद्दल बोलू. तिला रबरी टायर लावायला शेतकरी का तयार नव्हता, हे समजून घ्यायचं तर विदर्भातल्या काळ्या मातीत उतरावं लागेल. भेटू.